ओल्या काचेपलीकडची बाई

राजापेठेतल्या गोवर्धन होलेच्या स्टुडिओत जो एकदा स्टुलावर बसला, त्याचा चेहरा गोवर्धन विसरत नाही, अशी त्याची ख्याती आहे. ही ख्याती पसरवण्याचं निम्मं काम त्याने स्वतःच केलंय, हेही सांगायला हवं. एकदा अंजनगाव सुर्जीच्या बाजारात भाव करता करता त्याने एका शेवग्यावाल्याला विचारलं होतं, "तुमी पोलीस भरतीच्या फोटोले निया शर्ट घालून आलते ना?" त्याला आठ वर्षं झाली होती. शेवग्यावाला भरती झाला नव्हता, पण शर्ट निळाच होता. ही गोष्ट गोवर्धनने त्यानंतर किमान दोनशे लोकांना ऐकवली असेल.

सव्वीस वर्षं तो पासपोर्ट फोटो काढतोय. माळ्याचं घर, भाऊ अजूनही शेवंती लावतो. याला मात्र लहानपणापासून फुलापेक्षा फुलाचा फोटो बरा वाटायचा. लग्नाची कामं नव्या पोरांनी नेली, घरगुती फोटो मोबाइलने नेले. राहिले ते परीक्षेचे फॉर्म. "हनुवटी खाली, कान दिसू द्या, हसू नका" ही तीन वाक्यं तो झोपेतही म्हणतो, अशी त्याच्या बायकोची, मैनाची तक्रार आहे.

काचेचा नाद लागला तो झडीमुळे. आपल्याकडे एकदा झड लागली की तीन-तीन दिवस आभाळ उघडत नाही आणि गिऱ्हाईक फिरकत नाही. अशाच एका दुपारी तो काचेच्या दाराआड बसून बाहेर बघत होता. काचेवर थेंब लागलेले, पलीकडे रस्ता. सहज म्हणून त्याने कॅमेरा उचलला आणि एका थेंबावर फोकस आणला, तर त्या थेंबात अख्खी राजापेठ उलटी टांगलेली! छत्र्या खाली, चाकं वर. त्याने शेजारचा थेंब पाहिला, त्यातही तेच. मग फोकस पलीकडे नेला, तर थेंब विरघळले आणि माणसांचे नुसते रंग उरले. असं मागेपुढे करत संध्याकाळचे सहा कधी वाजले, त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने ब्लेड घेतलं आणि दारावर रंगवलेल्या 'पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत' यातलं 'पाच मिनिटांत' डोळ्यांच्या उंचीवरून खरवडून काढलं. तेवढी काच मोकळी हवी होती. तेव्हापासून गिऱ्हाईक विचारतं, "किती वेळ लागन भाऊ?" आणि गोवर्धन म्हणतो, "पानी असलं तं सांगता येत नाई."

त्या फोटोंमध्ये चेहरा कुणाचाच दिसत नाही. पण चेहऱ्यावाचून माणूस ओळखू येत नाही, असं ज्याला वाटतं त्याने राजापेठेत राहून पाहावं. गोवर्धन प्रिंट काढून काउंटरवर ठेवायचा आणि समोरचा फळवाला पुंजाजी बोट ठेवायचा. "हे जोशी वकील, छत्रीची एक तार तुटेल हाय. हा तो डब्बेवाला, एका पायावर जोर देऊन चालते." बाजूला नोटरी करणारे मोरोपंत स्वतःला पिशवीवरून ओळखत आणि पोट जरा जास्तच आलंय म्हणत. सगळ्या फोटोंतली सगळी माणसं अशी सापडली. फक्त एक बाई सापडली नाही.

श्रावणाच्या झडीत ती तीन वेळा काचेत आली होती. समोरच्या इमारतीत वर क्लासच क्लास आहेत, त्याच्या जिन्याखाली उभी. अंगात पिवळा रेनकोट, डोक्यावर टोपी ओढलेली, उजव्या खांद्यावर एक काळा चौकोनी डाग. तिन्ही फोटोंत ती सरळ स्टुडिओकडे बघत होती. बाकी सगळे पावसातून पळणारे, आणि ही एकटीच थांबलेली. तिसरा फोटो तर असा उतरला होता की काचेवरचा एक ओघळ तिच्याजवळून खाली येऊन थेट काचेच्या खालच्या कडेला, जणू गोवर्धनपर्यंत, पोचत होता. अकोल्याच्या एका छायाचित्र मंडळाने प्रदर्शनासाठी फोटो मागवले, तेव्हा त्याने तोच पाठवला. नाव दिलं, 'कुणाची वाट?'

आणि तो निवडला गेला. बावन्न वर्षांच्या आयुष्यात गोवर्धनचं काहीही, कुठेही, कधीही निवडलं गेलं नव्हतं.

पण अकोल्याहून सोबत एक फॉर्मही आला. फोटोतल्या व्यक्तीची लेखी संमती हवी, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचली नाही तर फोटो बाद. गोवर्धनने फॉर्म मोरोपंतांपुढे ठेवला.

"चेहरा दिसत नसला तरी सही हवीच," मोरोपंत चष्मा सरकवत म्हणाले. "बाकीचे रकाने आत्ताच भरून टाक. शाईच्या पेनाने. आणि हे बघ, खाली लिहिलंय, खाडाखोड केलेला फॉर्म घेतला जाणार नाही."

गोवर्धनने सावकाश भरलं. छायाचित्रकाराचं नाव, पत्ता. तिसरा रकाना होता, 'फोटोतील व्यक्तीशी नाते अथवा परिचय'. त्याने लिहिलं, 'ओळख नाही'. अक्षर छान आलं, म्हणून त्याला बरंही वाटलं.

तो गुरुवार होता आणि पाऊस पुन्हा लागला होता. दुकान ओढून घेऊन गोवर्धन छत्रीखाली फोटो धरून निघाला. पुंजाजी म्हणाला, नर्स असावी, नर्सा अशाच ताठ उभ्या राहतात. चहावाला म्हणाला, बाईच नाही, ट्रॅफिकचा माणूस आहे. पंक्चरवाला फोटोकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाई नाई सांगता येत, पण हा खांद्यावरचा चौकोन हाय ना, हे आमच्या धंद्यातलं काम हाय." गोवर्धनने ते मनावर घेतलं नाही. काचेवरची घाण असेल, असं त्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं. गणिताच्या क्लासात विचारलं, इंग्रजीच्या क्लासात विचारलं. जिन्याखाली पालक उभे असतात, कोण कोण लक्षात ठेवणार, असं उत्तर मिळालं.

वरच्या मजल्यावर देवश्री मॅडमचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथे तो गेला नाही. त्या क्लासमध्ये फोटो दुरुस्त करायला, मागचा पडदा बदलायला शिकवतात, म्हणून पोरं आता पासपोर्ट फोटोही घरीच बनवतात, असा त्याचा जुना राग होता. मागच्या उन्हाळ्यात मैना एकदा म्हणाली होती, "मले बी शिकवा ना ते फोटो साफ करनं, दुकानात हातभार लागन." तेव्हा तो हसला होता. "तुले काय समजन त्यातलं," म्हणाला होता. तिने पुन्हा विषय काढला नाही, आणि गोवर्धनही तो विसरला. चेहरे लक्षात ठेवणाऱ्या माणसाला वाक्यंही लक्षात राहतीलच असं नाही.

सहाच्या सुमारास तो भिजून, हिरमुसून घरी आला. उद्या फोटो बाद होणार. अकोल्याला फोन करून 'सापडली नाही' सांगायचं, म्हणजे राजापेठेत तोंड दाखवायची सोय नाही. अख्खी पेठ त्याला ओळखते आणि त्याला एक बाई सापडत नाही!

ओसरीत तारेवर त्याचाच जुना पिवळा रेनकोट टांगलेला होता. खालच्या फरशीवर पाण्याचं थारोळं. गोवर्धनने चपला काढल्या, छत्री मिटली आणि मान वर केली. रेनकोटच्या उजव्या खांद्यावर काळा चौकोन होता. चार वर्षांपूर्वी तिथे फाटलं होतं, तेव्हा त्यानेच ट्यूबचा तुकडा कापून सोल्युशनने चिकटवला होता. नवा रेनकोट घेतल्यावर हा त्याच्या डोक्यातूनच गेला होता.

त्याने खिशातून फोटो काढला. रेनकोट पाहिला, पुन्हा फोटो पाहिला.

मैना स्वयंपाकघरातून बाहेर आली. चेहरा असा फुललेला की विचारू नका. हात पदराला पुसत म्हणाली, "आले काय? आज तं तुमी कमालच केली!"

"मी? काय केलं?"

"मी पाह्यलं ना वरून, क्लासच्या खिडकीतून. तुमी माहा फोटो घेऊन अख्ख्या राजापेठेत फिरून राहिले होते. पुंजाजीले दाखवला, चहावाल्याले दाखवला. देवश्री मॅडम म्हने, तुमच्या मिस्टरांले लयच कौतुक दिसते तुमचं."

मैना बोलतच होती. जूनपासून ती तीनच्या बॅचला जात होती. फीचे पैसे तिने दिराच्या फुलांचे हार ओवून काढले. ऑटो लवकर पोचवतो, म्हणून जिन्याखाली थांबावं लागायचं.

"पयल्या दिवशी तुमी दारातून कॅमेरा माह्याकडे केला, तवा मी लय घाबरली. म्हनलं, आता घरी गेल्यावर बोलनी बसते. पन तुमी आले, जेवले, काईच बोलले नाई. दुसऱ्या पान्यात बी तसंच. मंग माह्या ध्यानात आलं. तुमाले चालते. तोंडानं म्हनत नाई, पन चालते. तवापासून पानी आलं का गोळा भात करते मी."

खरंच, श्रावणात तीनदा गोळा भात झाला होता. भातात बेसनाचे गोळे, वरून हिंग-मोहरीचं गरम तेल, सोबत कढी. पाऊस आहे म्हणून केला असेल, असं समजून गोवर्धनने तिन्ही वेळा दोनदा वाढून घेतला होता. आताही घरात तोच वास होता.

त्या क्षणी खोटं बोलणं फार सोपं होतं. 'हो ना वं, तुले नाई ओयखनार काय,' एवढं म्हटलं की झालं. बाई आयुष्यभर सुखात राहिली असती, आणि गोवर्धनची ख्यातीही. तो म्हणणारच होता. पण फोटोबरोबर फॉर्मही बाहेर आला होता, आणि मैनाचं लक्ष त्याकडे गेलं.

"हे काय?"

"तुयी सही लागते. फोटो अकोल्याच्या प्रदर्शनात लागला. तिथी खाली कर सही, बस."

"वाचल्याबिगर सही करू नाई, मॅडमनं सांगतलं हाय," असं म्हणून ती कागद घेऊन दिव्याखाली गेली. ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. नाव. पत्ता. तिसऱ्या रकान्यावर बोट थांबलं.

कढी उतू जायला आली होती. तिने जाऊन गॅस बंद केला, परत आली आणि बोट पुन्हा त्याच जागी ठेवलं.

"हे कवा लिवलं?"

"आज. दुपारी."

"म्हंजे आज तुमी दाखवत नोयते फिरत. इचारत होते."

"हो," गोवर्धन म्हणाला. याहून लहान उत्तर त्याने उभ्या जन्मात दिलं नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. सव्वीस वर्षांत त्याने तिचा एकच फोटो काढला होता, रेशन कार्डासाठी. तेव्हाही 'हसू नको' म्हणाला होता. "मैना, मले नाई ओयखू आली तू. तिनई बार नाई. थांब, हे खोडतो मी." त्याने खिशातलं पेन काढलं.

"खोडू नका. खाली लिवलं हाय, खाडाखोड केली तं बाद होते." तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं. कागद भिंतीला टेकवला आणि सही केली. मैना गोवर्धन होले. एकही अक्षर हललं नाही. मग फोटो उचलून दिव्यापुढे तिरका धरला. "ओघळ चांगला आला हाय. पन डाव्या बाजूले अंधार जास्त हाय. मी असती तं थोडा उजेड वाढवला असता."

गोवर्धनने फोटो तिच्या हातातून घेतला आणि पाहिला. खरंच, डावीकडे अंधार जास्त होता. इतके दिवस तो फोटो त्याने पाहिला, साऱ्या पेठेला दाखवला, पण हे त्याच्या नजरेला आलं नव्हतं.

"तू तिथी काय काय शिकली?" त्याने विचारलं. पहिल्यांदाच विचारलं, आणि खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून विचारलं.

मैनाने पाट मांडला, ताट ठेवलं, गोळा भात वाढला. तेलाची पळी हातात घेतली आणि त्याच्या ताटात रोजच्यापेक्षा निम्मंच तेल सोडलं.

"आधी जेवा," ती म्हणाली. "मंग सांगीन. अन् उद्या तीन वाजता पानी असलं तं काचेतून नीट पाहा."