बशा उघड्या होत्या तो तास

वाचनालयात तिला सगळे फिनेलमावशी म्हणत. ती दारात पोचायच्या आधी तिचा वास पोचायचा, म्हणून. तिला त्या नावाचा राग नव्हता. ‘अत्तर लावून यायला मी काय लग्नाला निघालेय?’ असं ती वर विचारायची.

वाचनाची मोठी खोली तिच्या ताब्यात होती. फरशी, टेबलं, पंखे, कपाटांच्या माथ्यावरची धूळ, सगळं. खिडक्या मात्र ग्रंथपालांच्या हुकमात. गार हवेचं यंत्र बसवल्यापासून त्या कायमच्या बंद होत्या.

जिन्याखालच्या कोनाड्यात वाचकांच्या पिशव्या सांभाळायला तिची धाकटी बहीण बसायची. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बहिणीला ही जागा मावशीनेच ग्रंथपालसाहेबांच्या हातापाया पडून मिळवून दिली होती. कोनाड्यात डोक्यावरच यंत्राच्या हवेचं तोंड होतं. “फुकटचा गारवा आहे, नशीब समज,” मावशी म्हणाली होती.

वर्षभरात धाकटीला खोकला लागला. कोरडा, हट्टी. सुट्टीच्या दिवशी कमी, कामावर आली की पुन्हा सुरू.

“कामाचा कंटाळा आला की आमची अशीच खोकते,” मावशी वाचकांना सांगायची. धाकटी हसायची आणि हसता हसता खोकायची. पुढे तिला घराचा जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा थट्टा बंद झाली. छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, “काम करता तिथं ओल आहे का? बुरशी?” धाकटीला काही सांगता येईना. डॉक्टरांनी ग्रंथपालांना चिठ्ठी दिली, खोलीतली हवा तपासून घ्या म्हणून.

प्रयोगशाळेतली बाई तपासणीच्या आदल्या दिवशी सांगून गेली. “उद्या खरवसासारखा थर असलेल्या काचेच्या बशा ठेवणार. तासभर उघड्या. हवेत तरंगणारे जीव, बुरशीचे कण त्यात पडतात. मग उबेत ठेवल्या की वाढून डोळ्यांना दिसतात. तुम्ही काही करू नका. रोजच्यासारखंच राहू द्या.”

“हो हो,” मावशी म्हणाली.

रोजच्यासारखंच राहू द्या, असं तपासणीला येणारा प्रत्येक साहेब म्हणतो. त्यावर विश्वास ठेवणाऱ्याला मेमो मिळतो, एवढं मावशी नोकरीत शिकली होती. आणि तिला आतून झोंबलंही होतं. माझ्या खोलीतल्या घाणीने माझी बहीण आजारी? बघतेच.

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच आली. गंजलेल्या कड्यांना तेल घालून तिने सगळ्या खिडक्या उघडल्या. यंत्राची धूळ उडेल म्हणून ते बंद ठेवलं. फरशी दोनदा पुसली, कोनाडा ओल्या फडक्याने निपटून काढला. वाचकांना तिने दुपारपर्यंत बाहेर ताटकळत ठेवलं. रोज पेपर वाचायला येणारे आजोबा म्हणाले, “मावशी, आम्हालाही एकदा पुसून घ्या, म्हणजे आत यायला हरकत नाही.”

“तुमचा डाग जुना आहे, आजोबा. निघायचा नाही.”

प्रयोगशाळेतली बाई यायच्या वेळी तिने खिडक्या लावून घेतल्या. बाईने वर पाहिलं. “यंत्र बंद आहे?”

“बिघडलंय सकाळपासून,” मावशीने ठोकून दिलं.

त्या संध्याकाळी घरी जाताना धाकटी म्हणाली, “आज छाती मोकळी वाटली गं.”

“माझ्या हाताचा गुण,” मावशी म्हणाली.

बशा जवळजवळ कोऱ्या निघाल्या. साहेबांनी मावशीचं सगळ्यांदेखत कौतुक केलं, आणि ती आठवडाभर हवेत होती. डॉक्टरांनी कामाची जागा मनातून काढून टाकली आणि घराकडे मोर्चा वळवला. मावशीने उशा फेकल्या, भिंतींना चुना दिला, शेजारणीशी तिच्या कबुतरांवरून भांडण काढलं. धाकटी रोज कोनाड्यात बसत राहिली. त्यात दीड वर्ष गेलं.

मग एकदा यंत्र खरंच बिघडलं. मेकॅनिकने कोनाड्यावरचा हवेचा पत्र्याचा नळ उघडला आणि टॉर्च मारून म्हणाला, “मावशी, इथं तर कोणी शेती केलीय.” आत काळ्या-हिरव्या लवीचा जाड थर होता. त्याने नळाला हात लावताच पीठ चाळल्यासारखं खाली भुरभुरलं. धाकटीने तोंडावर पदर घेतला आणि वाकून खोकत राहिली.

“पुसू नका,” मावशी म्हणाली.

“म्हणजे?”

“काही पुसू नका. नळ आहे तसा लावा, यंत्र चालू करून द्या.” मग तिने धाकटीला हाताला धरून बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं, आणि त्या दिवसापासून पिशव्या स्वतः घेतल्या.

प्रयोगशाळेत ती एकटी गेली. खिडक्या, यंत्र, ठोकून दिलेली थाप, सगळं तिने उभ्या उभ्या सांगितलं. बाई रागावली नाही. तिने फक्त येण्याचा दिवस सांगितला. या वेळी मावशीने केरसुणीला हात लावला नाही. बशांवर बुरशीची दाट, केसाळ वर्तुळं उगवली. साहेबांनी मेमो दिला, तो तिने न वाचता घेतला.

डॉक्टर म्हणाले, “ती जागा आता कायमची बंद. पण फुप्फुस आक्रसलंय. गेलं ते परत येत नाही, राहिलंय तेवढं सांभाळायचं.”

घरी परतताना धाकटी पहिल्या जिन्यावरच बसली. थोडा दम खाऊन म्हणाली, “मग पहिल्या वेळी का नाही सापडलं गं?”

मावशीने तिच्या शेजारी टेकून सांगितलं. काही गाळलं नाही. “मला वाटलं, खोली पास झाली पाहिजे,” ती शेवटी म्हणाली.

धाकटी तिच्याकडे वळली. “मी बोलले होते तुला, आज छाती मोकळी वाटली म्हणून.”

“बोलली होतीस.”

“का वाटली, एवढं तरी विचारायचंस, ताई.”

मावशीने उठून हात पुढे केला. धाकटीने तो घेतला नाही. कठड्याला धरून ती उभी राहिली आणि एक पायरी चढली, थांबली, मग पुढची. मावशी तिच्या मागे एक पायरी सोडून चढू लागली. धाकटी थांबली की तीही थांबायची, आणि तिचा श्वास खाली बसेपर्यंत पाऊल उचलायची नाही.