पूर्वा गौर आणि सुनेचा पेपर

माझी सून एम.एस्सी. करते. विषयाचं नाव मॅथेमॅटिकल फायनान्स. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण हे नाव मला पाठ झालंय, कारण मुलगा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. तिला प्रवेश मिळाला तेव्हा त्याने मोबाईलवर तिचा फोटो सगळ्या पनवेलला दाखवला. आमच्या ह्यांना वाटतं ती बँकेत मॅनेजर होणार. शेजारीण कोणता शेअर घेऊ म्हणून विचारून गेली. सांगता येत नाही, असं सून म्हणाली, तर मग शिकते तरी काय, असं तिने जिन्यात सगळ्यांना विचारलं.

मलाही कळत नाही. पण भाजी निवडताना ती बोलते, मी ऐकते. एकदा म्हणाली, ऑप्शन म्हणून एक करार असतो. त्यात शेअर ठरल्या भावाने घ्यायचा हक्क असतो, सक्ती नसते. त्या हक्काची किंमत काढायची हेच तिचं गणित. मला हसू आलं. आमच्याकडे सुनांना मिळतो तो करार नेमका उलटा असतो, आणि त्याची किंमत काढायला कोणी कॉलेजात जात नाही.

यंदा गौर पूर्वा नक्षत्रात आली. तशी आली तरच नव्या सुनेचा पहिला ओवसा होतो. सुपात फळं, भाज्या, पानं भरून ते सूप गौरीपुढे ओवाळायचं, मग घरच्या वडीलधाऱ्यांना वाण द्यायचं. हे वर्ष चुकलं तर पुन्हा पूर्वा गौर येईपर्यंत थांबायचं. आणि नेमका ओवशाच्या दुपारीच तिचा पेपर निघाला. विद्यापीठाला नक्षत्र कळत नाही, आणि आमच्या घराला विद्यापीठ. पेपर चुकला तर तिचं वर्ष जाणार होतं.

माझी नणंद नेऱ्याहून दोन दिवस आधीच आली होती. तिने बैठकच घेतली. पेपर दरवर्षी असतात, म्हणाली. ह्यांनी मान हलवली. ते बहिणीपुढे नेहमीच हलवतात. राहिला मुलगा. सगळ्या गावाला बायकोचं शिक्षण सांगणारा तो, पुढच्या वर्षी दे की, काय बिघडतं, असं म्हणून मोबाईलमध्ये शिरला. सून दिवसभर जोखीम मोजायला शिकते, पण ही जोखीम तिच्या पुस्तकात नसावी. ती माझ्याकडे बघत राहिली.

माझ्याकडे कोणी बघितलं की मी भांडं उचलून आत जाते. त्या दिवशी हाताशी भांडंच नव्हतं.

"वन्सं, ती पेपर देऊन येईल," मी म्हटलं. "ओवसा संध्याकाळी करू."

"वहिनी, दुपारचा ओवसा कोन संध्याकाळी करतंय? आमी तर नाय बघितलं कुठं."

"मग यंदा बघा."

ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. नणंद म्हणाली, गौर कोपली तर माझ्याकडे येऊ नका. मी मनात म्हटलं, गौर माहेरी आलेली लेक आहे. दुसऱ्याच्या लेकीवर ती कशाला कोपेल? हे मोठ्याने बोलायचं धाडस झालं नाही.

निर्णय दुसऱ्याने घेतल्यावर मुलाला एकदम हुरूप आला. पेपरच्या दिवशी बायकोला गाडीवरून स्वतः सोडून आला आणि लगेच तिचा कॉलेजच्या फाटकातला फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, मला माझ्या बायकोचा अभिमान आहे.

सून दिवे लागल्यावर आली. हातपाय धुतले, नऊवारी नेसली, सूप घेतलं. ओवसा झाला. नणंदेने वाण घेतलं. आधी तोंड फिरवलं, मग वाणाबरोबरची साडी बघितली आणि घेतलं.

पेपर कसा गेला हे कोणी विचारलं नाही. मी विचारलं. शेवटचं गणित अडलं म्हणाली, पण पास होईन. मग सगळ्यांचा चहा टाकायला उठायला लागली. मी तिचा हात धरून खाली बसवलं आणि मुलाकडे बघितलं. चहा त्याने केला. पाणचट झाला होता. मी तसं त्याला सांगितलंही.