झाकण लावायचं नाही

आमच्या घरात सोवळंओवळं केव्हाच संपलं. आता एकच नियम उरलाय आणि तो माझ्या लॅपटॉपचा आहे: झाकण लावायचं नाही. घरात माणसं दोन, मी आणि आई. पण दूधवाल्यापासून नारळ पाडायला येणाऱ्यापर्यंत सगळ्यांना हा नियम पाठ आहे.

लॅपटॉप गेमिंगचा आहे. मी जन्मात एक गेम खेळलेली नाही. न बांधलेल्या इमारती बांधून झाल्यासारख्या दाखवायच्या, हे माझं काम, आणि त्याला तगडं ग्राफिक्स कार्ड लागतं. म्हणून पनवेलच्या एका ओळखीच्या माणसाकडून हा जुना उचलला. पहिल्या दिवशी कीबोर्डखाली लाल-निळे दिवे लागले तेव्हा आई म्हणाली, "अगो, हे काय, गणपतीची आरास?" आता त्यातले निम्मे दिवे गेलेत. बिजागरी मोडलीय, पडद्यामागे पाट्यावरचा वरवंटा टेकवून ठेवावा लागतो. आतला पंखा फिरायला लागला की शेजारच्या वाडीत पंप सुरू झालाय असं वाटतं. हेडफोनचं भोक खाऱ्या हवेनं गंजून गेलं, त्यामुळे माझ्या मीटिंगा घरभर ऐकू जातात. आई माजघरात सुपारी सोलत बसते आणि मुंबईतल्या कुठल्या बिल्डरला कुठला रंग आवडला नाही ते तिला माझ्याआधी कळतं.

आधीची सिस्टीम यावर धड चालेना. कोणीतरी म्हणालं, ती काढून लिनक्स टाक. टाकलं. खरं सांगते, मेल्यात जीव आला. पण झोपेचं काही जमलं नाही. झाकण लावलं की हा झोपतो आणि झोपला की उठत नाही. मग बटण दाबून धरायचं, मारायचं, पुन्हा उठवायचं. हवा दमट असली तर तेवढ्यानंही उठत नाही. इंटरनेटवर जगभरची माणसं याच दुखण्यावर एकमेकांना काढे सुचवत बसलेली असतात. त्यांचे सगळे काढे मी पाजून पाहिले. कंटाळा आला हो. एखाद्या वस्तूची इतकी मनधरणी करायची म्हणजे काय!

पण करत होते, कारण नवा लाखाच्या खाली येत नाही आणि हा चालला तर मी इथे. आईला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. विहिरीच्या कट्ट्याला दोनदा आपटली. डोळ्यांत थेंब मीच घालते, तिच्या हातून ते गालावर पडतात. लॅपटॉप बंद पडला तर मला मुंबईला ऑफिसच्या मशीनवर जाऊन बसावं लागणार होतं आणि आईला एकटीला राहावं लागणार होतं. मुंबईला ती येणार नाही. "वाडी कोण शिंपणार?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, एका मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथे आलात तर मोठं काम तुमच्याच हातात देणार आहोत. किती दिवस गावाला बसणार?" मी हसून विषय बदलला. मीटिंग संपली. माजघरात सुपारी सोलायचा आवाज थांबला होता.

त्याच दिवशी दिवेलागणीला मी वाडीतून परत आले, तर झाकण लावलेलं.

"आई! झाकण कोणी लावलं?"

"पाल हिंडत होती वर," ती म्हणाली. "सवयीनं लावलं गो."

बटण दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं. वायर काढली, लावली. ढिम्म. दुसऱ्या दिवशीही तेच. सोमवारी ऑफिसला येते, असं मी साहेबांना फोनवर सांगितलं आणि बोर्ली पंचतनच्या बाजारात गेले. महिन्याचे थेंब आणले, आईच्या सोबतीला कोणी बाई मिळते का ते विचारलं. सगळ्यांनी "बघतो" म्हटलं.

परत आले तर अंगण भरलेलं. पावसाळा सरून ऊन पडलं की आमच्याकडे घरातल्या प्रत्येक वस्तूला ऊन दाखवतात. गोधड्या, कडधान्यं, पोथ्या, लोणच्याच्या बरण्या. त्या रांगेत, तुरीच्या आणि वालाच्या मधोमध, सुपावर पालथा घातलेला माझा लॅपटॉप. वरून विरलेलं धोतर पांघरलेलं.

माझं डोकंच फिरलं. "अगं काय केलंस हे! वाल आहे का तो? होता नव्हता तोही गेला आता! राहा मग एकटी!"

हे शेवटचं बोलायला नको होतं. आई सुपाशेजारी उकिडवी बसली होती, कावळ्यांना हाकलायला हातात काठी. ती इतकंच म्हणाली, "दमट झालेला. ऊन दाखवलं."

मी तो उचलला. हाताला चटका बसला. पडवीत सावलीला ठेवला, चहा केला, तिला दिला, माझा तसाच निवला. पोळून जाऊ नये इतका गार झाल्यावर, मेलेल्याला आणखी काय मारायचं म्हणून, बटण दाबलं.

पंखा घुरघुरला. निम्मे दिवे लागले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या.

"आई, लागला! अगं लागला!"

ती दाराला धरून आली. मला वाटलं, आता माझी चांगली जिरवणार. तर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"पाल नव्हती गो," ती म्हणाली. "मी मुद्दाम लावलं झाकण. साहेब बोलले ते ऐकलं मी. म्हटलं, हा बंद पडला की सुटेल पोर. किती दिवस माझे डोळे सांभाळत बसणार?"

"मग ऊन कशाला दाखवलंस?"

"तू सकाळी बोर्लीला गेलीस ना. घर असं खायला उठलं. आताच असं, तर पुढं काय?" तिनं पदरानं डोळे पुसले. "नाही जमलं मला."

मला एकदम रडू आलं. तिच्याजवळ जायचं सोडून मी वरवंटा शोधत राहिले. तोही उन्हात होता. आणला, पडद्यामागे टेकवला. थेंबांची वेळ झाली होती. तिला खुर्चीत बसवलं, मान मागे केली. एक थेंब या डोळ्यात, एक त्या. डोळे मिटून ती तशीच बसून राहिली. पंखा घरभर ओरडत होता.

"साहेबांना काय सांगशील?" तिनं विचारलं.

"सांगते, लागला म्हणून."

ओघळलेला थेंब तिनं पदरानं टिपला. मग डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, "झाकण तेवढं लावू नको हां."