राजाच्या भावाचे कान

बॉस्टनच्या म्युझियममध्ये तो काचेच्या पेटीत होता. छातीपर्यंतचाच पुतळा. डोळ्यांखाली पिशव्या, ओठ घट्ट मिटलेले, ऑफिसातून थकून आलेल्या माणसासारखा चेहरा. पाटीवर लिहिलं होतं की हा प्राचीन इजिप्तचा राजपुत्र, राजाचा सावत्र भाऊ आणि त्याचा वजीर. राजाची सगळी बांधकामं याच्या देखरेखीखाली.

माझे मोठे दीर, म्हणजे दादा, एकदम खूश. "बघ रे," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "फॅमिली बिझनेस तेव्हापासून चालत आलाय!"

कंपनी दादांची. नवऱ्याला अमेरिकेत आणलं त्यांनी, डायरेक्टर केलं त्यांनी. पद मोठं, पण कुणाला नोकरीवरून काढायचं असलं की गोड बोलणारे दादा गायब होतात आणि माझ्या नवऱ्याला पुढे करतात. मला याचा संताप येतो, अजूनही.

त्या सोमवारी काढायचं होतं ते न्यू जर्सीत, पिस्कॅटवेत आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कंपनीतल्या एकाला. त्याचा व्हिसा कंपनीवर. दोन महिन्यांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर गाशा गुंडाळायचा. बायकोला सातवा महिना. ती नागपूरची, मला ताई म्हणते. एक स्टीलचा डबा आमच्या दोन घरांत सतत फिरत असायचा. मुळात कुणाचा, ते दोघीही विसरलो होतो. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून तिच्याकडून कोथिंबिरीची सांबारवडी यायची, माझ्याकडून नारळाच्या वड्या जायच्या.

"हिज इअर्स आर गॉन," माझी मुलगी काचेला नाक लावून म्हणाली. खरंच, वजिराचे दोन्ही कान तुटलेले होते.

दादा हसले. "बरंय की! वजीर सगळ्यांचं ऐकत बसला तर राज्य कसं चालायचं?"

नवराही हसला. मला तिथेच रडू येईल असं वाटलं.

परतीच्या वाटेवर आमच्या गाडीत मी म्हटलं, "एकदा तरी दादांना नाही म्हण. तिच्या पोटात बाळ आहे रे."

"मोठा भाऊ आहे यार. कसं म्हणू?" तो लेन बदलत म्हणाला.

तेवढ्यात तिचाच फोन आला. "ताई, ह्यांना उद्या भावोजींनी मीटिंगला बोलावलंय. पर्सनली! प्रमोशनच असेल, हो ना? पुरणपोळ्या केल्यात, डबा दाराशी ठेवते."

फोन स्पीकरवर होता. नवऱ्याने सगळं ऐकलं. मी "अगं, वजन नको उचलूस" असलं काहीतरी बोलले आणि फोन ठेवला. घरी आल्यावर मुलीने दोन पोळ्या खाल्ल्या. आम्ही दोघांनी हात लावला नाही.

सोमवारी नवऱ्याने दादांचं काम केलं. घरी येऊन बूटही न काढता सोफ्यावर बसून राहिला. मी त्याच्याशी भांडणार होते, पण त्याचा चेहरा बघून त्याच्यासाठी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी डिंकाचे लाडू वळले, बाळंतिणीला करतात तसे, भरपूर खोबरं घालून. डबा भरून खाली गेले. तिने दार उघडलं, डबा घेतला, "थँक यू" म्हणाली. ताई म्हणाली नाही.

संध्याकाळी डबा आमच्या दाराशी होता. घासून, पुसून लख्ख केलेला. झाकण उघडून बघितलं, तर रिकामा.