बारा पाणमांजरं

आमच्या गावच्या तलावात बारा पाणमांजरं आहेत, अशी सरकारी कागदावर नोंद आहे. आता अकरा. ती नोंद पिराजी भोई यांच्या हातून झाली आणि सुवाच्य अक्षरात मी ती उतरवून काढली.

हे मी लिहायला घेतलं नसतं. पण माझ्या मुलीला, कुमुदला, मासळी खात्यात नोकरी लागली आहे. येत्या सोमवारी ती रत्नागिरीला हजर होईल. तिनं बंदरावर उभं राहायचं, ट्रॉलरांनी किती मासळी आणली ते पाहायचं, जाळ्यात कासव किंवा गादा सापडला होता का ते विचारायचं आणि वहीत लिहायचं. गादा म्हणजे डॉल्फिन. तो मासा नव्हे, पिलांना दूध पाजतो, त्याला जपायला हवं, असं ती मला समजावून सांगते. ती फार खूश आहे. मला मात्र तिच्या वहीची काळजी लागून राहिली आहे, आणि ही काळजी कुणाला सांगायची तर आधी पिराजीभाऊंबद्दल सांगावं लागतं.

पिराजीभाऊंचे वाडवडील तेरणेत मासे धरायचे. पुढे नदीला पावसाळ्यापुरतंच पाणी राहू लागलं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावचा तलाव झाला. पिराजीभाऊ आणि त्यांची बायको पुतळाबाई यांनी त्या कामावर दीड वर्ष खडी फोडली, सुकडी खाऊन. तलाव भरला तेव्हा पुतळाबाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "खड्डा आमी खणला आन पाणी देवानं दिलं. आता मासं कुणाचं?"

मासे सरकारचे निघाले. खात्यानं कटला आणि रोहूचं बीज सोडलं आणि सत्त्याहत्तर साली सतरा भोई घरांची मच्छीमार सहकारी संस्था झाली. गोरोबा हे चेअरमन. वजनकाट्यावर पिराजीभाऊंना बसवलं, कारण ते चौथी शिकलेले होते. आणि दुसरं म्हणजे सख्ख्या भावाची टोपलीसुद्धा पाणी पुरतं निथळल्याशिवाय ते काट्यावर चढू देत नसत. भाऊ चिडायचा. "पाण्याचं वजन पाण्यालाच दे," म्हणत पिराजीभाऊ टोपली हलवत राहायचे.

नियम कडक होते. होडीत जाळं ओढताना मासे मोजायचे, प्रत्येक माशाला एक खडा डब्यात टाकायचा. काठावर खडे मोजायचे, मग मासे, मग वजन. घरी मासा न्यायचा नाही. सगळा माल संस्थेचा. खडे आणि मासे जुळले नाहीत, तर फरक वहीतल्या 'नासाडी' या रकान्यात लिहायचा आणि शेजारच्या रकान्यात कारण. दर महिन्याला खात्याचे निरीक्षक सिद्धलिंग स्वामी वही तपासायला येत. मी गावच्या शाळेत शिक्षिका. वर्षअखेरीचा गोषवारा पिराजीभाऊ माझ्याकडून काढून घ्यायचे.

त्र्याऐंशी साली तलावात खरोखरच एक पाणमांजर आलं. कुठून आलं कुणास ठाऊक. सकाळी जाळं फाटलेलं आणि त्यात अर्धवट खाल्लेला कटला. मग एके दिवशी सगळ्यांनीच पाहिलं, काळपट, चपटं डोकं पाण्यातून वर काढून बघत होतं. पिराजीभाऊंनी वहीत लिहिलं, 'नासाडी : तीन मासे. कारण : पाणमांजर.' स्वामीसाहेबांनी ती ओळ वाचून त्यांची पाठ थोपटली. "असं लिहावं. नाही तर लोक कारणाची जागा कोरी सोडतात."

पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तलावाचं पाणी बांधापासून दूर दूर जाऊ लागलं. बनाबाईचा नवरा आदल्या साली होडी उलटून गेला होता. पदरात तीन मुली. ती काठावर टोपल्या उचलायला यायची. एका सकाळी खडे आणि मासे जुळले नाहीत. दोन रोहू कमी. बनाबाईच्या ओच्यातून पाणी गळत होतं. सगळ्यांना दिसत होतं. पिराजीभाऊंनी तिच्याकडे पाहिलं नाही. वही उघडली आणि लिहिलं, 'नासाडी : दोन मासे. कारण : पाणमांजर.'

तेव्हापासून तो रकाना रोज भरू लागला. कुणीही जास्त घेतलं नाही, हे मला माहीत आहे. घरामागे पाऊण किलो, कधी अर्धा. अशी सोळा घरं. पोरांच्या ताटात कालवण दिसायला लागलं. पिराजीभाऊंनी स्वतःच्या घरी एक मासाही नेला नाही. पुतळाबाई त्यावरून त्यांना बोलायच्या. "समद्या गावच्या पोटाला पाणमांजर हाय, आन आमच्याच घरचं तेवढं उपाशी!"

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षाचा गोषवारा मी काढला तेव्हा बेरीज चार हजार किलोच्या आसपास आली. मी पेन थांबवलं.

"पिराजीभाऊ, एवढं एक जनावर खातं?"

"भूक लागल्यावर खातंय की, बाई."

मी हसले. ते हसले नाहीत. मी बेरीज लिहिली आणि खाली सुबक रेघ ओढली. 'पाणमांजर' असं एकवचन एवढ्या आकड्याशेजारी बरं दिसेना, म्हणून मी 'पाणमांजरांमुळे' असं लिहिलं. मला वाटलं, वाक्य नीट केलं.

गोषवारा धाराशिवला गेला आणि तिथून वनखात्याच्या टेबलावर. पाणमांजर हा कायद्यानं जपायचा प्राणी. शहाऐंशीच्या फेब्रुवारीत वनखात्याचे एक तरुण साहेब जीप घेऊन आले. माणूस चांगला होता. दोन दिवस बांधावर बसले, चिखलातले पंजे मोजले, खडकावरची विष्ठा कागदात बांधून घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणमांजर दिसलं तेव्हा लहान मुलासारखे उठून उभे राहिले. मग वही मागवली आणि सगळ्यांसमोर हिशेब मांडला. एक जनावर दिवसाला साधारण किलोभर मासे खातं. वहीत रोजची नासाडी बारा किलो. म्हणजे बारा.

"बारा पाणमांजरं!" साहेब म्हणाले. "अहो, अख्ख्या जिल्ह्यात एवढी नसतील."

मागून नागप्पा हळूच म्हणाला, "त्यातली सात तर माझ्याच घरात हायत." नागप्पाला पाच लेकरं. लोक तोंडावर हात धरून हसले. साहेबांनी विचारलं, काय झालं? गोरोबा म्हणाले, "काय न्हाय सायेब, आनंद झालाय त्येंला."

हसणं तेवढंच. पंधरा दिवसांनी आदेश आला. पाणी खालावलं आहे, उरलेल्या डोहात पाणमांजरांचा मोठा कळप आहे, जाळ्यात अडकून त्यांना इजा होण्याचा संभव आहे, सबब पुढील आदेशापर्यंत तलावात जाळं टाकण्यास मनाई.

होडी उलटी करून ठेवली गेली. त्या वर्षी भोई घरांना डोहाशिवाय दुसरं काही नव्हतं. पावसाळ्यापर्यंत तग धरायचा तर तो डोह उघडा राहायला हवा होता, एवढी साधी गोष्ट होती.

साहेब पुन्हा आले तेव्हा पिराजीभाऊ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. मी तिथंच होते.

"सायेब, बारा न्हाईत. एकच हाय."

"बाकीची?"

"बाकीची आमीच. मासं आमीच खाल्लं. म्या पाणमांजराच्या नावावर लिवलं."

साहेबांनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "पिराजी, तीन वर्षं तुम्ही तारीखवार लिहिलंय. तेव्हा तुम्हाला खोटं लिहायचं काही कारण नव्हतं. आज मनाई आली आणि आज तुम्ही म्हणता, नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर मीसुद्धा हेच म्हणालो असतो."

"आईची शप्पत घिऊन सांगतो."

"मग वही खोटी म्हणता? तसं लिहून देता?"

पिराजीभाऊंनी तोंड उघडलं. तेवढ्यात गोरोबांनी त्यांचा दंड धरला. "सायेब, ह्ये सकाळपासनं उन्हात बसल्यात. डोकं फिरलंय त्येंचं."

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, गोषवारा तुम्हीच काढला ना?"

"हो," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. मी शाळेत सरकारी नोकर आणि कुमुदचं कॉलेजचं पहिलं वर्ष चाललं होतं.

जीप गेल्यावर गोरोबा पिराजीभाऊंवर ओरडले. "अण्णा, अक्कल हाय का न्हाय? वही खोटी म्हणून लिवून दिलं की संस्था मोडली. तळ्याचा ठेका गेला. मनाई उठंल आज न्हाय उद्या. ठेका एकदा गेला की कायमचा गेला."

"आन पोरं? उद्यापातूर काय खात्याल?"

बनाबाई म्हणाली, "पैला मासा माझ्या ओच्यात व्हता. माझंच नाव लिवा. मला काय करत्याल?" पण तिचं नाव लिहिलं तरी वही खोटीच ठरणार होती. असा तो प्रसंग होता. खरं बोललं तर तलाव जातो, गप्प बसलं तरी जातो. त्या दिवशी सगळे गप्प बसले.

डोह रोज थोडा थोडा आत सरकत गेला. स्वामीसाहेबांनी भलेपणानं एक अर्ज करवून घेतला, की पाणी पार आटण्याआधी मासे तरी काढू द्यावेत. अर्ज मीच लिहिला. त्याचं उत्तर आलंच नाही. वैशाखात मासे चिखलात उघडे पडले. पाठीवर ऊन घेत तोंडं उघडत होते. दोन दोन किलोचे कटले. कावळे, कुत्री आणि घारी. वनखात्याचा रखवालदार बांधावर बसून होता. एका पोरानं मासा उचलला तर त्यानं तो परत टाकायला लावला. पाच दिवस गावात वासानं दार उघडवत नव्हतं. पिराजीभाऊ रोज काठावर जाऊन बसायचे, काटा घेऊन.

सतरा घरांतली सोळा घरं त्या महिन्यात उठली. नागप्पा बायकापोरांसकट उजनीच्या धरणावर गेला, तिथल्या लोकांनी त्याला पाण्यात उतरू दिलं नाही, मग वीटभट्टीवर. बनाबाई मुलींना घेऊन तेरखेड्याला फटाक्याच्या दारूकामावर. गोरोबा शेवटी गेले. जाताना संस्थेचा शिक्का पिराजीभाऊंच्या हातात देऊन गेले.

पाणमांजरही निघालं होतं. पाणी शोधत. येडशीच्या रस्त्यावर ट्रकखाली सापडलं. पिराजीभाऊ चालत जाऊन ते घोंगडीत गुंडाळून घेऊन आले. साहेबांना कळवायला हवं म्हणाले. त्यांना वाटलं, आता तरी हे संपेल. साहेब आले, जनावर पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी टेप काढून लांबी मोजली, पंचनामा केला. त्यात लिहिलं, बारापैकी एक मृत. उरलेल्या अकरांच्या संरक्षणासाठी मनाई कायम ठेवावी.

पुढं पाऊस आला. तलाव निम्मा भरला. बीज कुणी सोडलं नाही आणि परत कुणी आलं नाही. नागप्पाचं एक पोर भट्टीवर दगावलं, असा निरोप आला होता. बनाबाईचं काहीच कळलं नाही.

वनखात्यानं पिराजीभाऊंनाच रोजंदारीवर ठेवलं आहे, पाणमांजरांवर लक्ष ठेवायला. नवी वही दिली आहे. तारीख, वेळ, पाणमांजर दिसले किंवा नाही. दोन वर्षं होत आली. ते पहाटे जातात, संध्याकाळी जातात आणि आपल्या मोठ्या गोल अक्षरात लिहितात, 'दिसले नाही.' महिन्याच्या शेवटी वही माझ्याकडे येते, मी गोषवारा काढते. दोनदा त्याखाली मी स्वतःहून ओळ घातली, की तलावात आता एकही पाणमांजर नसावं. वरून उत्तर आलं, की हा प्राणी लाजाळू आहे, बहुधा अंधारात वावरतो, सबब न दिसणे हा नसल्याचा पुरावा नव्हे. निरीक्षण चालू ठेवावे.

काल दुपारी पिराजीभाऊ आले. पुतळाबाई वारल्यापासून त्यांच्या अंगावर कपडा ढगळ दिसतो. कुमुदच्या नोकरीचं त्यांना कळलं होतं. तिच्यासाठी चिंचेचा गोळा आणला होता. ओट्यावर बसून पाणी प्यायले.

"बाई, पोरगी दर्यावर काय लिवणार?"

मी सांगितलं. किती मासळी आली, जाळ्यात काय अडकलं.

"तितल्या मच्छीमारास्नी घरी न्यायला देत्यात का दोन मासं?"

"मला माहीत नाही, पिराजीभाऊ."

"तिला इचारा." तांब्या खाली ठेवून म्हणाले, "आन न देत असल्यालं कळलं, तर मग ती काय लिवंल, ते बी इचारा."

मग पिशवीतून वही काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि ते गेले. कुमुदला मी अजून विचारलेलं नाही. ती आत ट्रंक भरते आहे, दोन कोऱ्या वह्या तिनं साड्यांच्या घडीत जपून ठेवल्या आहेत. पिराजीभाऊंच्या वहीत महिन्याचे एकतीस दिवस आहेत आणि प्रत्येकासमोर तेच दोन शब्द. मी ते उतरवायला घेतले आहेत.