मामेसासऱ्यांचा वन्स मोअर

दक्षिण गोलार्धात आजवर जेवढे म्हणून रसिक जन्मले किंवा विमानाने येऊन उतरले, त्या सगळ्यांत मोठा रसिक आमच्या नात्यात आहे आणि तो न्यूझीलंडला, ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात लेकीकडे राहतो. ते माझ्या बायकोचे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. पुण्यात असताना त्यांनी जन्मभर एका कारखान्यात पाण्याचे पंप तपासले, पण ते पोटासाठी. त्यांचा अवतार झाला तो संगीत नाटकांच्या पहिल्या रांगांत बसून गाणाऱ्यांना वन्स मोअर देण्यासाठी. पद रंगलं की प्रेक्षकांनी ओरडायचं आणि नटाने ते पुन्हा गायचं, हा आपल्या रंगभूमीचा जुना रिवाज. मामांनी तो थिएटरबाहेर काढला आणि सगळ्या जगाला लागू केला. ऑकलंडला विमान अलगद टेकलं तेव्हा सगळं विमान पट्टे सोडण्याच्या घाईत होतं आणि मामा पायलटला वन्स मोअर देत होते. हवाईसुंदरी पाणी घेऊन धावली म्हणे.

तेव्हापासून त्यांनी कुणालाच दादेवाचून उपाशी ठेवलेलं नाही. अंगणातल्या झाडावर तुई पक्षी बोलला की मामा खिडकीतून वन्स मोअर देतात, आणि तो पठ्ठ्या पुन्हा बोलतो, त्यामुळे 'या देशात गाण्यातलं कळतं ते पाखरांना' असं त्यांचं ठाम मत आहे. हार्डवेअरच्या दुकानाबाहेर शनिवारी शाळांच्या मदतीसाठी सॉसेज भाजत असतात. मामा पडले शाकाहारी, ते ब्रेडवर नुसता परतलेला कांदा घेतात. एकदा तो कांदा असा काही जमून आला, की मामांनी डोळे मिटून मान डोलावली आणि दाद दिली. भाजणाऱ्या बाईंनी खूश होऊन 'स्वीट ॲज, डार्लिंग' म्हणत आणखी एक ब्रेड हातावर ठेवला. आता अशा माणसाला सुधारणार कोण?

कळस झाला तो नातीच्या शाळेत. सई, त्यांच्या लेकीची लेक. मुलांनी असेंब्लीत हाका केला, म्हणजे इथल्या माओरी लोकांचा युद्धनाच. मांड्या थोपटल्या, जिभा काढल्या, जमीन हादरवली, आणि शेवटच्या आरोळीनंतर जी शांतता पसरते तीत मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!" मुलांनी बाहेर काढलेल्या जिभा तशाच ठेवून सरांकडे पाहिलं. सरांनी खांदे उडवले. मुलांनी दुप्पट जोमाने पुन्हा हाका केला. ती मुलं आजही मामा दिसले की 'किया ओरा, वन्समोअर!' असा माओरी नमस्कार ओरडून घालतात. सई मात्र आठवडाभर आजोबांशी बोलली नव्हती.

मग एक दिवस त्याच सईला जवळच्या पापाकुरा गावातल्या हौशी मंडळींच्या एका फ्रेंच विनोदी ऑपेरात काम मिळालं. मुळात ते एक जुनं, गाजलेलं प्रहसन. एक कंजूष बाप, त्याची मुलगी, तिला नको असलेला म्हातारा नवरा आणि सगळ्यांना बोटावर नाचवणारी मोलकरीण. मागाहून कुणी संगीतकाराने त्यात गाणी घातली. सई मोलकरीण होती, आणि तिला आयुष्यातलं पहिलं एकटीचं गाणं होतं. मामा मला फोनवर म्हणाले, "जावईबापू, मध्ये मध्ये बोलतात, भांडतात आणि अगदी गळ्याशी आलं की गातात. हे आपलं संगीत नाटकच की हो!"

"मामा, ते फ्रान्सचं आहे."

"असू दे की. चांगल्या घरात कुणीही जन्माला येऊ शकतं."

सईच्या गाण्यात त्यांना एक छोटीशी तान घालायची होती. "नो, आजोबा," ती म्हणाली. तालमीला ते मुद्दाम गेले आणि नुसत्या सुरुवातीच्या वाद्यसंगीतालाच वन्स मोअर देऊन बसले. वाद्यवृंदाच्या बाईंनी छडी खाली ठेवून विचारलं, "आर यू ओके, सर?" त्या दिवशी सईने त्यांना समोर बसवलं. मराठी तिला सगळं कळतं, बोलते इंग्रजी. "आजोबा, आय ॲम सो स्केअर्ड ऑलरेडी. तुम्ही ओरडलात तर आय विल फर्गेट माय नेक्स्ट लाइन. प्रॉमिस मी." मामांनी गळ्याची शपथ घेतली. मला ते ऐकूनच घाम फुटला. वाघाने उपास धरावा आणि आपल्याला त्याच्या शेजारी बसायला सांगावं, अशी माझी गत.

रविवारी दुपारचा खेळ होता. मामा रेशमी झब्बा घालून, अत्तर लावून तिसऱ्या रांगेत बसले. शेजारच्या वॉरेन नावाच्या गृहस्थांनाही त्यांनी मनगटावर अत्तर लावलं. पडदा वर गेला आणि मामांनी ठेका धरला, आधी स्वतःच्या गुडघ्यावर आणि रंगात आल्यावर वॉरेनच्या. मग सई आली. कंजूष बापाला तिने पेटीत कोंडलं, झाकणावर मांडी ठोकून बसली आणि गायला लागली. काय सांगू! एवढीशी पोर, हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज पोचवत होती, आणि आतून बाप धक्के देत असताना तिचा सूर जरासुद्धा हलत नव्हता. गाणं संपलं. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी अख्खा रुमाल तोंडात कोंबला होता आणि तो दोन्ही हातांनी गच्च दाबून धरला होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. सईने तिसऱ्या रांगेकडे एकदा पाहिलं, मान वळवली आणि पुढचं वाक्य बिनचूक म्हटलं.

तिचे आईबाबा सामान आवरायला थांबले, म्हणून या दोघांना मी माझ्या गाडीतून घेऊन निघालो. मामा विजयी वीरासारखे पुढे बसले होते. मागे सई खिडकीला नाक लावून गप्प. मोटरवेला लागल्यावर ती एकदम म्हणाली, "वॉज इट दॅट बॅड?"

"काय गं?"

"यू डिडन्ट इव्हन क्लॅप."

"अगं, तूच तर गप्प बसायला सांगितलंस ना?"

"आय नो." तिचा आवाज फुटला. "बट यू गिव्ह इट टू एव्हरीवन, आजोबा."

मामांची मी इतकी वर्षं थट्टा केली, पण त्यांचा चेहरा असा पडलेला कधी पाहिला नव्हता. मग म्हणाले, "बाळा, इतरांना द्यायला काय लागतं? तोंड उघडायचं. आज तोंड उघडलं असतं तर नुसतं रडू बाहेर आलं असतं." आणि मागे वळून, पापाकुराच्या हॉलचं सोडाच, मागच्या सीटवरही जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वन्स मोअर."

सई हसली, बाहीला नाक पुसलं आणि गायला लागली. ना पेटी, ना वाद्यं, चेहऱ्यावर अर्धवट पुसलेला रंग. या वेळी मामांची छोटीशी तानही तिने घेतली, थोडी वेडीवाकडी. पुढच्या वर्षी ती शिकायला दूर दक्षिणेला, डनीडनला जाणार आहे. मग लेक-जावई कामाला गेले की दिवसभर त्या मोठ्या घरात मामा असतील आणि झाडावरचा तुई. हे मामांना ठाऊक होतं, मलाही होतं. मनुरेवा मागे पडलं. फ्लॅट बुशची एक्झिट आली तेव्हा तिचं दुसरं कडवं नुकतंच सुरू झालं होतं. मी इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ पुढे नेली.