तबकड्यांची सागवानी पेटी

माझ्या नवऱ्याला अक्कल नव्हती असं मी म्हणणार नाही. होती, पण ती फक्त स्वतःपुरतं बोलायची, ऐकायची कुणाचंच नाही. एका पेटीसाठी या माणसानं अख्खं खामगाव पालथं घातलं आणि घरातल्या बायकोला एका शब्दानं विचारलं नाही.

तबकड्या माझ्या होत्या. देऊळगावराजाला माझे वडील मास्तर. पोटाला चिमटा काढून त्यांनी फोनोच्या, म्हणजे ग्रामोफोनच्या, गाण्यांच्या बावीस तबकड्या जमवलेल्या. भावांना गाण्याचं वावडं, म्हणून पहिल्या दिवाळसणाला फोनोसकट सगळ्या माझ्या हवाली केल्या. "उभ्या ठेवजो बाई, अन् उन्हापासून सांभाळजो," एवढंच म्हणाले. वडिलांनी जन्मात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

आमचे हे तहसील कचेरीत कारकून. पत्र्याची ट्रंक पाहिली, ती उन्हाळ्यात तापते म्हणून नापास. पुठ्ठ्याच्या पाकिटांचं बाड पाहिलं, त्याला वाळवी लागेल म्हणून नापास. शेवटी ओळखीच्या सुताराला सागवानी पेटी सांगितली. मी दाराआडून म्हटलं, आत उभे खण करा, पुस्तकांसारख्या उभ्या राहतील. सुतार म्हणाला, "बाई बराबर सांगून राह्यल्या." झालं! यांचं नाक लाल. "कचेरीत कागदाचे बस्ते आडवेच राहतात. नागपूरचा साहेब येऊन पाहून जाते, तो काय येडा हाय?" पेटीत आडव्या फळ्या बसल्या, वर पितळी कडी. आल्यागेल्याला झाकण उघडून दाखवायचे. तबकडी लावायचं मात्र कधी सुचलं नाही.

वैशाखात पेटीखाली पिवळा भुसा पडलेला दिसला. लाकूड किडलं होतं. आमच्याकडे कीड म्हटली की एकच औषध, ऊन. गहू, डाळ, गाद्या, सगळं त्या महिन्यात धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, चढतं. हे म्हणाले, पेटीही चढवा. मी म्हटलं, "अहो, तबकड्या आधी काढा. लाखेच्या आहेत त्या. लाखेचा चुडा कुणी उन्हात ठेवतं का?"

"झाकण बंद हाय ना? मंग आत सावलीच हाय."

कप्पाळ! मी कुरडयांच्या चिकात हात घालून बसले होते. उठून स्वतः काढायला हव्या होत्या. नाही उठले. ते माझं चुकलंच.

दिवेलागणीला पेटी खाली आली. पहिली तबकडी उचलली तर तिला चिकटून खालच्या दोन आल्या. बाकीच्या कडेनं पापडासारख्या वळलेल्या. बावीसातली एक धड नव्हती. हे वाकून पाहत म्हणाले, "कीडा तं मेला." मला त्या क्षणी हातातली तबकडी त्यांच्या टाळक्यात घालावीशी वाटली. अजूनही वाटते.

श्रावणात वडील मला न्यायला आले. पाय धुऊन बसले आणि म्हणाले, "एखादी लाव वं." मी तोंड उघडायच्या आत हे बोलले, "काय सांगू मामाजी, तुमच्या लेकीनं वाळवणासंगं उन्हात टाकल्या."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "तू टाकल्या?"

नाही म्हटलं असतं, तर जावई त्याच्याच घरात खोटा पडला असता आणि वडिलांना मान खाली घालावी लागली असती. आणि श्रावण सरल्यावर मला तर इथंच परत यायचं होतं.

"हो बाबा," मी म्हटलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पाणी मागितलं, प्यायले, आणि यंदा पाऊस कसा आहे ते जावयाला विचारू लागले.

वडील पुढं नऊ वर्षं जगले. दर माहेरपणाला मी ठरवून जायची की या खेपेला सांगते, आणि न सांगता परत यायची. लेक निष्काळजी निघाली असंच धरून ते गेले. आणि ज्यानं केलं, त्याच्या पानात मी चाळीस वर्षं गरम पोळी वाढली.